विटकरी

सूरच्या बंदराबाहेर, खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
रात्री अडीचला फक्त पंप बोलतात.
त्या रात्री खलफान बोलला:
"उस्ताद, तीन-दोन नाही आलं. पाच-एक आलं."

वहीत गेले एकोणीस दिवस
माझ्याच अक्षरात तीन-दोन, तीन-दोन, तीन-दोन.
त्यातले मोजलेले किती आणि आठवलेले किती
ते मला ठाऊक आणि त्या पेनाला.
मी म्हटलं, हात हलला असेल. पुन्हा कर.

त्यानं पुन्हा केलं.
फ्लास्कात पाणी, त्यात क्रोमेटचे थेंब,
पन्ह्यासारखं पिवळं.
वरून ब्युरेटमधलं सिल्व्हर नायट्रेट, थेंब, मग थेंब,
तळाशी पांढरं गढूळ दाटत गेलं,
आणि ज्या थेंबाला विटकरी झाक आली,
ढवळूनही गेली नाही,
तिथं त्यानं तोटी बंद केली.
पाच-एक.

मग संशय बाटलीवर. नवी फोडली, पाच-एकच.
तोलून घेतलेल्या मिठानं नव्या बाटलीचीही उलटतपासणी केली,
ती खरी निघाली.
मग डिस्टिल्ड पाणी घेतलं: पहिल्या एक-दोन थेंबांतच विटकरी.
म्हणजे फ्लास्क निर्दोष, द्रावण निर्दोष,
आणि पोराचा हात?
बाप त्याचा गलबतं बांधणारा,
फळी-फळीतली फट बोटाच्या पेरानं वाचणारा.
एकेक आरोपी सुटत गेला.
उरलं पाणी.
आणि पाण्याच्या अलीकडे, वही उघडून, मी.

"तुम्ही कधी बघितलाय तो? क्लोराइड?"

नाही रे.
लोटे परशुरामच्या एमआयडीसीपासून इथवर सव्वीस वर्षं
ज्याच्या नावावर पगार घेतला
त्याचं तोंड पाहिलं नाही.
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात आमच्याकडे;
पण हे कांकण असलं, की हातात असून दिसत नाही,
आरसाच आधी घडवावा लागतो.
हा फ्लास्क आरसा. ही विटकरी झाक म्हणजे त्यात पडलेलं
कुणाचं तरी असणं.

शाळेत खातू सरांनी फळ्यावर अणू काढला होता:
मध्ये लाडू, भोवती फिरणाऱ्या मोहऱ्या.
पुढे कळलं, तसं नसतं.
म्हणून सर खोटे नाही ठरत.
नकाशातला समुद्र कुठे ओला असतो?
तरी त्याच्यावर गलबतं जातात, पोचतात.

खिडकीतून खाडी दिसत होती, दिव्यांपुरती.
मी म्हटलं, ही आख्खी खाडी एक अणू धर.
मधोमध खजुराची एक बी. वजन जवळजवळ सगळं तिच्यात.
"आणि बाकी?"
बाकी फार थोडं. जवळजवळ काहीच नाही.
त्यानं टेबलावर कोपर दाबून पाहिलं.
"मग हा आत का नाही जात?"

याचं उत्तर मला अर्धंच येतं, मी म्हटलं.
हे म्हणायला मला सव्वीस वर्षं लागली.

चारच्या सुमाराला खाली उतरलो,
नळीमागून नळी, प्रत्येकीचं पाणी वेगळं.
सातव्या नळीशी रबराची एक कडी
केसाएवढी चिरली होती.
कुणी जाताना दिसलं नाही तिथून,
फक्त दुसरी कुठलीच वाट उरली नव्हती.

कडी बदलली. खलफाननं मोजलं. तीन-चार.
"तीन-दोन लिहू?"
त्यानं विचारलं, आणि हसला नाही.

मग मी वही पुढे ओढली.
खोडून टाकायचं नसतं,
एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही.
जे तीन-दोन मोजल्याचं आठवेना
त्यांच्यापुढे लिहीत गेलो: मोजले नाही. मोजले नाही.
तो शेजारी उभा राहून बोटं मिटत होता.

"अकरा," म्हणाला.
मी म्हटलं, पुन्हा मोज.
त्यानं पुन्हा मोजले.
अकराच.