सत्त्याण्णव अंश

शिवाजी उद्यमनगर, दुपारचे सव्वातीन.
पंपाच्या हाउसिंगचं ड्रॉइंग फिरवायला घेतलं
आणि लॅपटॉप ओरडायला लागला,
पलीकडच्या शेडमधल्या ग्राइंडरच्या वरताण.
कर्सर जागचा हलेना.
मी चहा मागवला, प्यायले, कप परत गेला,
हाउसिंग अजून तिरकंच.

दिवाळीत भाचा लिनक्स घालून गेला होता.
म्हणाला, मावशी, जुनं मशीन पळायला लागेल.
पळालं. वैशाखापर्यंत.

काळ्या खिडकीत टॉप लिहिलं.
सगळ्यात वर एकच नाव, अठ्ठ्याण्णव टक्के खात बसलेलं:
बालू.
कोण हा बालू?
फायलींची यादी करणारा कारकून निघाला.
माझी अकरा वर्षांची ड्रॉइंगं एकेक उघडत होता,
एका मोडक्या फायलीशी अडत होता
आणि पुन्हा पहिल्यापासून.
त्याला कायमची रजा दिली.
तरी सेन्सर्स म्हणे, सत्त्याण्णव.

कर्नलच्या नोंदीत मात्र एक ओळ सापडली,
खाली, वर, मध्ये, जिथं बघावं तिथं तीच:
तापमान हद्दीबाहेर, वेग कमी केला.
म्हणजे तो दमला नव्हता.
जळू नये म्हणून मुद्दाम हळू चालत होता
आणि मी महिनाभर त्याला म्हातारा म्हणत होते.

शेजारी यासीन मुल्ला ट्रॅक्टरचे रेडिएटर झाळतो.
त्यानं लॅपटॉप उलटा धरला,
फटीला तळहात लावला.
"वारंच येत न्हाई वो ताई. खोला की."

नऊ स्क्रू. जो जिथला, तो तिथं,
त्यानं फडक्यावर मांडत नेले.
आत पंखा, पंख्यापुढं तांब्याच्या पातळ पट्ट्या,
आणि पट्ट्यांच्या मध्ये घोंगडीसारखी दाट बसलेली
मोल्डिंगची काळी धूळ, भट्टीची काजळी,
माझे दोन-चार केस.
"बालू," यासीन म्हणाला.
मी दचकले.
"आमच्या घरात वाळूला बालूच म्हणत्यात."

ब्रश फिरवता फिरवता त्यानं विचारलं,
"ह्यात पाणी कुठनं घालायचं?"
घालायचं नाही, म्हटलं. ह्या चपट्या नळीत
कारखान्यातच भरून, तोंड बंद करून देतात.
तापलं की वाफ होऊन पंख्याकडं जातं,
निवलं की परत येतं.
"किती?"
"थेंबभर."
तो नळीकडं बराच वेळ बघत राहिला.
"आणि आम्ही बारा लिटर वततोय."

चिपवरची पेस्ट वाळून खपली झाली होती.
राजारामपुरीतनं दीडशेची नळी आणली.
तांदळाच्या दाण्याएवढीच लावायची, मी सांगितलं.
यासीनला हे काही पटेना.
"कोल्हापुरात कुणी इतकं कमी वाढतंय व्हय?"

सहाला सुरू केला. चौपन्न.
पंखा फिरतोय का, ते कान लावून बघावं लागलं.
हाउसिंग बोटाच्या टोकाशी गरगरलं,
वरून, खालून, आतून,
आणि आत, वळणाच्या पोटाशी,
भिंत पाच मिलिमीटर.
आठ हवी होती.

हे माझंच काम. मागच्या महिन्यातलं,
एक बाजू फिरवायला दोन मिनिटं लागायची तेव्हाचं.
ही बाजू मी फिरवलीच नव्हती.
तशीच पाठवून दिली.

चौदा नग ओतून झाले असतील.
यासीन शटर ओढून गेला, पैसे न घेता.
नेजदारसाहेबांना फोन लावलाय.
रिंग जातेय.
फाउंड्रीतल्या आवाजात त्यांना लवकर ऐकू येत नाही.
डावा तळहात सवयीनं लॅपटॉपवर,
चटका बसेल म्हणून
अजून अर्धवट उचललेला.