आडकाठी

मी झाडं मोजायला आलो होतो.
पिवळा रंग, पत्र्याचे आकडे, गळ्यात टेप.
छातीएवढ्या उंचीवर घेर घ्यायचा,
साल तासायची, आकडा उठवायचा.
दुपारपर्यंत दोनशे चाळीस.
जळवा मोजायचा हुकूम नव्हता.

संध्याकाळी कॅप्टन एनोसच्या पायरीवर बसलो.
मोठ्या निकोबारात गावच्या प्रमुखाला कॅप्टन म्हणतात
आणि होडीला होडीच.
त्या एका शब्दाने मला उगाच
ओळखीचं असल्यासारखं वाटलं.

रूफिना शिंपल्याने
केवड्याच्या उकडल्या फळाचा गर खरवडत होती.
मी कागद वाचून दाखवला:
बंदर, धावपट्टी, वीजघर, शहर,
आणि खाली, सहीच्या वर, ना हरकत.

"हरकत म्हणजे?"
आडकाठी, मी म्हटलं.

एनोस बराच वेळ किनाऱ्याकडे बघत राहिला.
तिथे त्याची होडी ओढून ठेवली होती,
कोरलेलं एक खोड, बाजूला तरंगतं लाकूड,
दोघांना बांधणाऱ्या आडव्या काठ्या.
"त्या सोडल्या," तो म्हणाला,
"तर पहिल्याच लाटेला उलटते."

तो विरोधात होता असं नाही.
धाकटी बहीण अडली तेव्हा
जहाज तिसऱ्या दिवशी आलं.
दवाखाना हवाय त्याला, धक्काही.
भाचा चौकीवर पहाऱ्याला आहे,
त्याचा गणवेशातला फोटो येशूच्या शेजारी लावलाय.
रात्री क्षितिजावरून दिव्यांची रांग सरकते,
कुणाची जहाजं, कुठे निघालीत, इथून कळत नाही.
"देशाला डोळा ठेवायचाय, ठेवा.
पण एक डोळा ठेवायला
केवढी जागा लागते?"

लाटेच्या वर्षी हे टोक
अडीच पुरुष खाली बसलं.
पश्चिमेचं गाव गेलं, माडांसकट.
उरलेल्यांना इथे आणलं, तात्पुरतं.
त्या तात्पुरत्याला आता दाढी आलीय.
रूफिना अजून तिकडे डोकं करून निजते.
माझ्या नकाशात तिथे तिरप्या रेघा आहेत
आणि एक शब्द: निर्मनुष्य.

रकाना सात: रानातल्या लोकांचं म्हणणं.
शोम्पेन नदीकाठी मध ठेवून जातात,
एनोसची माणसं तिथे कोयते ठेवतात.
समोरासमोर येणं होतंच असं नाही.
साहेबांनी सांगितलं तसं मी भरलं होतं:
निरंक.

रात्री झोप लागेना. वाळूवर गेलो.
चामडपाठी कासवी पाण्यातून वर येत होती,
भरल्या गाडीसारखी, धापा टाकत.
वाटेत माझी खुंटी, लाल फीत बांधलेली.
ती थांबली नाही, वळलीही नाही.
खुंटी आडवी झाली.
मागच्या वल्ह्यांनी ती खड्डा करत राहिली
आणि डोळ्यांतून चिकट पाणी गळत राहिलं.
मीठ असतं ते. मला ठाऊक आहे, वाचलंय.

पहाटे मी खुंटी पुन्हा ठोकली.
आठ हात अलीकडे.
एवढ्या मोठ्या नकाशात आठ हात
पेन्सिलीच्या टोकाखाली मावतात.

एनोसने सही केली नाही,
नाही असंही म्हणाला नाही.
"नदीकाठी माणूस बसवलाय विचारायला.
उत्तर येईपर्यंत थांबा."
किती दिवस?
त्याने केवड्याचा घास माझ्या हातावर ठेवला.

मी निरंक खोडलं,
वर लिहिलं: उत्तर यायचं आहे.

महिन्याने अर्ज परत आला.
शेरा होता:
रकाना सातमध्ये खाडाखोड.
नव्याने भरून पाठवावा.