रिव्हर्स

हमीदभाई पिंजारींनी किल्ली देताना सांगितलं होतं,
"गाडी सोनं आहे, ताई. फक्त रिव्हर्स
तिच्या मनात असेल तरच पडतो."
मी म्हटलं, मला मागे जायचंच कुठंय.

धुळं सोडलं तेव्हा साडेसात.
शेजारी कुमुद तांबट, मांडीवर भरताचा डबा,
पायांत पाण्याचा कॅन. प्यायला नव्हे,
इंजिन तापलं तर.
सोनगीरला तिनं हात जोडले. किल्ल्याला नाही,
रस्त्याकडच्या भांड्यांच्या दुकानांना.
तिचे आजोबा तिथं ठोकून ठोकून
पितळेला पोट आणायचे.
नरडाणा गेलं. ट्रकमागून ट्रक गेले,
प्रत्येकाच्या पाठीवर एक शेर,
आणि कुमुद प्रत्येकाला मोठ्यानं वा म्हणत होती.

तापीच्या पुलावर मी स्टिअरिंग असं धरलं
जसं कुणी परक्याचं मूल धरतं.

तीस वर्षं भूमापन कचेरीत अनुरेखक होते.
थाळनेर मी काढलंय,
काचेच्या टेबलावर, खालून दिवा लावून,
नदीची दुहेरी रेघ, किल्ल्याचा तुटका कड,
कबरींचे बारके चौकोन. आणि एक अष्टकोन.
सातव्या कोनाशी निब दरवेळी अडखळायचं.
साहेब म्हणायचे, बाई, गोल काढून टाका,
कोण बघायला जातंय.

शिरपूरवरून वळलो. कपाशी, केळी, पुन्हा कपाशी,
एका बैलगाडीनं आम्हांला ओलांडलं
(कुमुद हे नाकबूल करते).

आणि तो होता. दगडाचा, उन्हात,
माझ्या निबपेक्षा कितीतरी सबुरीनं काढलेला.
भिंतीभर कोरीव अक्षरं, मला न वाचता येणारी.
सुलतान आत झोपलेले, बाहेरच्या सावलीत एक शेळी.
मी बोट लावून कोन मोजत फिरले.
सातव्याशी थांबले. तिथं काहीच नव्हतं.
नुसता कोन. बाकी सातांसारखाच.

तिथंच परतायला हवं होतं.
पण मी म्हटलं, ही गल्ली नदीवर निघते,
मला पाठ आहे.
गल्ली अरुंद झाली, आणखी अरुंद, मग
हिरव्या ऑइलपेंटची भिंत,
तिच्यावर शेणाच्या गोवऱ्या, टीव्हीची छत्री.

"कथा चालनात वं ताई? आठे आते रस्ता नही शे."
म्हटलं, नकाशात आहे.
म्हातारा भिंतीकडे बघत राहिला,
जणू तिलाच विचारावं, तुला हे माहीत होतं का.
मी रिव्हर्स टाकला. गाडी खरखरली, रुसली.
"मांगे ल्या ना."
मागे जात नाही ती, बाबा.
"आशी कशी गाडी? फक्त पुढेच जास?"

मग गल्ली घराबाहेर आली.
एकीनं बाज उचलली, एकीनं कोंबड्या आवरल्या,
शाळेची पोरं बॉनेटला भिडली.
"तुम्ही फक्त मांगे दखा, आम्ही लोटी देतस."
इंजिन बंद. मी मान वळवून बसले,
आणि ज्या गावाला मी तीस वर्षं वरून बघितलं
ते मला हातांनी, हसत, शिव्या देत,
एकेक उंबऱ्यावरून मागे नेत होतं.
चाक एकदा गटारात गेलं. काढलं.

भरीत पुरलं नाही. कळण्याच्या भाकरी
त्यांच्याच घरून आल्या, वर कांद्याची पात,
आणि म्हाताऱ्यानं विचारलं, नकाशा कोनी काढेल व्हता?
कुमुद माझ्याकडे बघायला लागली.
मी ठेचा मागितला.

परतताना नरडाण्याच्या पंपावर सहज दांडा मागे ओढला
तर रिव्हर्स पडला. लोण्यासारखा.
आम्ही हातभर मागे गेलो, काही कारण नसताना,
मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.
काचेवर धूळ बसली होती.
कुमुदनं पेट्रोलचे पैसे मोजेपर्यंत
मी नखानं तिच्यात एक रेघ ओढली,
गल्लीच्या तोंडाशी, आडवी.