फैदला ठेवलेलं

फैदच्या पडक्या गढीपाशी पिकअप उभी केली
तेव्हा जानेवारीची पहाट इतकी गार होती
की ब्रेकच्या दांड्या बोटांना चावत होत्या.
दोन सायकली,
हाइलमधल्या एका फिलिपिनो वेल्डरकडून
तीनशे रियालला जोडीनं घेतलेल्या.
जैनूच्या सायकलीला घंटी नाही.
माझ्या सायकलीला आहे,
पण इथे वाजवायची कुणासाठी?

जैनू म्हणाला,
पूर्वीचे हाजी या गावात अर्धं ओझं उतरवायचे.
पीठ, तूप, जादा कांबळी.
लोकांच्या घरी ठेवून पुढे मक्केला,
आणि परतताना मागून घ्यायचे.
"जे परतलेच नाहीत, त्यांचं?"
"गाव अजून आहे ना?
म्हंजे खाल्लं असंल कुणीतरी."

मग आम्हीही ठेवलं.
येमेनी किराणावाल्याच्या काउंटरमागे,
कांद्याच्या पोत्याला टेकवून,
माझी पिशवी, त्याची पिशवी.
त्याच्या पिशवीत कायमच्या परतीचा कागद,
गुरुवारच्या विमानाचं तिकीट.
तेरा वर्षं कोल्डस्टोरेजमध्ये कोंबड्या मोजून
माणूस हर्णैला चालला होता,
आणि आम्ही सबंध वाटभर
टायरमधल्या हवेबद्दल बोलत होतो.

रस्ता म्हणावा असं काही नाही इथे.
कुणी बांधलेलं नाही,
फक्त बाजूला केलेलं आहे.
बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी वाकलं,
काळा दगड उचलला, कडेला ठेवला,
मग पुढचा.
मैलोन्‌मैल दोन्ही हातांना त्या दगडांच्या रांगा,
आणि मधून जाते ती मोकळी जागा,
जिच्यावरून आज आमची चाकं
फारशी न धडकता धावत होती.
नाव कुणाचं कोरलेलं नाही.
कंबर तर दुखलीच असणार.

अकराव्या किलोमीटरला काटा.
बाभळीची इथली चुलत बहीण,
टोचायची रीत तीच.
मी ट्यूब काढत बसलो तसा
मेंढ्यांमागून एक सुदानी आला, आदम नावाचा.
थर्मासातला चहा झाकणात ओतून दिला आधी,
मग विचारलं, मक्का?
जैनू म्हणाला, नाही, फक्त हौदापर्यंत.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली,
मला तर शेवटपर्यंत जाताच येत नाही.
आदम थोडा वेळ गप्प राहिला.
म्हणाला, मेंढ्यांनाही नाही जाता येत.
गवत मात्र याच वाटेवर बरं आहे.
हे सांत्वन होतं की नुसती माहिती,
मला अजून कळलेलं नाही.

जैनू दोनदा जाऊन आलाय, बसनं.
एकदा स्वतःसाठी,
एकदा बापासाठी,
ज्यानं मासळी विकून हजला साठवलेले पैसे
मुलाच्या व्हिसाच्या एजंटाला दिले
आणि पुन्हा तेवढे साठवायला
आयुष्य पुरलं नाही.
"बसमधून ही वाट दिसत नाय," जैनू म्हणाला.
"एसी असतो. झोप लागते."

हौद गोल. तळाशी गेल्या आठवड्याचं पाणी,
हिरवट, वर दोन चतुर.
तो पायऱ्या उतरला, वजू केलं,
आणि मोज्यांनिशीच तापलेल्या दगडावर उभा राहिला.
मी सायकली धरून वर.
माझे हात काही जोडले गेले नाहीत,
कुणाला जोडायचे तेही ठरेना.
वाटेवर एक दगड घरंगळून आलेला दिसला.
सायकली निजवल्या,
तो उचलला, कडेला ठेवला.
वाटलं होतं त्यापेक्षा जड होता.

परतलो तेव्हा किराणावाला दुपारच्या डुलकीत.
पिशव्या होत्या तिथेच,
कांद्याचा वास लागलेल्या.
जैनूनं स्वतःची खांद्याला लावली,
आणि आपली सायकल
त्या पोत्याला टेकवून ठेवली.
"आलो तर मागून घेईन," म्हणाला.
येमेनी हसला नाही.
त्यानं फक्त पोतं थोडं सरकवलं,
चाकाला जागा व्हावी म्हणून.

हाइलपर्यंत मागे एकच सायकल.
दर खड्ड्याला तिची घंटी आपोआप वाजे.
"बांध तरी नीट," जैनू दोनदा म्हणाला.
मी गाडी थांबवली नाही.