हलू नका

आगरवाड्याच्या मिठागरात एप्रिलची संध्याकाळ.
बांधावर अकरा कॅमेरे आणि मी,
पेडण्यातल्या बंद पडलेल्या स्टुडिओचा मालक,
'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून आणलेला:
म्हणजे गाडीत पुढची सीट
आणि बटाटेवडा पहिला मला.

'गोल्डन अवर!' बँकेतले केरकर ओरडतात,
कुणाची गाय दावं तोडून पळाल्यासारखे.
'बोके बघा, काय क्रीमी बोके!'
मी खरंच मागे वळून पाहतो,
मलई खाऊन मिशा पुसत बसलेलं कुणी दिसतं का.
दिसत नाही. धूसर झालेला एक माड, बस.
'ग्लास कुठला वापरायचात?' डॉक्टर धुमे विचारतात.
फेणीला कुठलाही चालतो, मी म्हणतो.
हसत कुणी नाही. भिंगाचं विचारलं होतं.

'शेवटी गिअर महत्त्वाचा नसतो' हे वाक्य
नेहमी त्याच्याच तोंडी,
ज्याची पिशवी उचलायला दुसरा माणूस लागतो.
'फोटो बोलला पाहिजे.'
बोलेल हो, तुम्ही जरा थांबलात तर.
'काही एडिट नाही हं, कॅमेऱ्यातून आला तस्साच,'
ऋतिका सांगते, सोवळ्यातला नैवेद्य दाखवावा तशी.
आणि ते 'नाइस कॅप्चर':
एकमेकांच्या पडद्यात डोकावून जो तो म्हणतो,
पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणत जावं तसं,
पानात काय आहे ते न बघता.

समोर शेवंती फावड्यानं मीठ ओढते आहे.
तिला हे 'सब्जेक्ट' म्हणतात.
'सब्जेक्ट थोडा डावीकडे हवा होता, एक तृतीयांशावर.'
ती जिथं मीठ आहे तिथंच उभी.

मला राग येतो.
आणि रागाच्या घासात, दाताखाली खडा यावा तसं
माझंच एक वाक्य येतं.

एकाहत्तर साल. शिवोली.
कायतान मिनेझिस गेला. दिवाणखान्यात पेटी,
पेटीभोवती सगळं घर.
फ्लॅशचा बल्ब ऐनवेळी पेटेना,
म्हणून दाराच्या उजेडावर अर्धा सेकंद मोजायचा ठरवला,
काळ्या कापडात डोकं घातलं,
आणि वयाच्या बाविसाव्या वर्षीच तोंडात बसलेलं,
बापाकडून कॅमेऱ्यासोबत आलेलं
ते बाहेर पडलं:
'हनुवटी थोडी वर. इकडे बघा. हसा थोडं. हलू नका.'

कुणी काही बोललं नाही.
पिएदादनं, त्याच्या बायकोनं, तेवढं वर पाहिलं.

रात्री तांबड्या दिव्याखाली ताटलीत चेहरे वर आले.
पिएदाद हललेली.
मुलगे हललेले, प्रत्येक जण आपापल्या हुंदक्याएवढा.
धाकट्या लोर्देसला तर तोंडच नव्हतं,
नुसती एक पांढरी झुळूक.
स्पष्ट आला तो एकटा कायतान,
मिशीचा केस न् केस.
हे ज्याला 'टॅक शार्प' म्हणतात, तसा.
त्या खोलीत माझं ऐकलं होतं फक्त त्यानं.

प्रिंट घेऊन भीतभीत गेलो.
पिएदादनं ती खिडकीशी धरली, पुष्कळ वेळ.
मग पदराच्या गाठीतून नाही, कपाटातून,
पैसे मोजून दिले, आणि म्हणाली,
'बरो आयला.'
दोन शब्द. कुणीही कुठल्याही फोटोला म्हणतं ते.

मिठावरचा उजेड विझत चाललाय.
'लाइट गेला,' केरकर म्हणतात,
नात्यातलं कुणी गेल्यासारखं.
शेवंती फावडं टेकून पहिल्यांदाच आमच्याकडे बघते.
'फोटो काडात, पूण मेरेर पांय दवरूं नाकात.'
ओला बांध तो, सकाळीच लिंपलेला.
अकरा जण दचकून थबकतात,
एकेक पाय हवेत, बगळ्यांसारखे,
खाली ठेवायचा कुठं ते न कळून.

माझ्याकडे कॅमेरा नाही.
तरी सवयीनं तोंडातून जातं:
हलू नका.