दहा हजार केल्विन

टाकी दोन फुटी. पाणी सत्तर लिटर,
आरओचं, त्यात पाकिटातलं मीठ काटेकोर मोजून कालवलेलं.
समुद्र आमच्यापासून एक घाट लांब.
एवढासा मी उद्यमनगरात आणून ठेवलाय,
लोखंडी स्टँडवर. वेल्डिंग माझंच.

प्रश्न राहिला दिव्याचा.

दिलावर मुजावरनं महाद्वार रोडच्या साडीच्या दुकानातून
मेटल हॅलाइडचा जुना दिवा उतरवून आणला.
तिथं आता एलईडी बसलीय.
"दीडशे वॅट. चोकसकट घे.
ह्याच्याखाली शालू बोलायचा बघ."

माझ्याकडं शालू कुठला.
नखाएवढा प्रवाळाचा तुकडा आहे,
पुण्याच्या एका हौशी माणसानं आपल्या टाकीतला कापून दिलेला.
रातराणीनं आणला, डबा मांडीवर धरून,
साताऱ्याला चहालासुद्धा न उतरता.

बल्ब नवे मागवले, तीन:
दहा हजार, चौदा हजार, वीस हजार केल्विन.

आप्पा चाळीस वर्षं शिरोलीला, भट्टीवर.
रस लालसर दिसला की थांबायचं,
नारिंगी झाला तरी थांबायचं,
पिवळ्यावर पांढरी झाक आली की ओता.
मापायचं यंत्र नंतर आलं. त्याआधी आप्पांचे डोळे होते.
भट्टीनं ते व्याजासकट घेतले:
दोन्हींत मोतीबिंदू,
एकाचं ऑपरेशन मार्गशीर्षात झालं,
दुसरा अजून पिकायचाय.

"वीस हजार? एवढ्या तापात भट्टीच वितळंल की रं."
मी सांगितलं, आप्पा, हे रंगाचं माप,
आकडा जितका मोठा तितका उजेड निळा.
"म्हंजे उलटंच."
मग जरा थांबून,
"न्हाई, बरोबर हाय. चुलीचा जाळ पिवळा, गॅसचा निळा.
जास्त भाजतं कुठलं?"

वीस हजाराचा लावला,
खोली नीळ दिल्यासारखी झाली.
कुमुदिनी दारातूनच म्हणाली,
"दवाखान्यात बसल्यागत वाटतंय."
चौदाचा लावला. ती काही बोलली नाही,
पण चहा आतच प्यायली.
आप्पा तळहातानं एकेक डोळा झाकून बघत होते.
जुन्या डोळ्याला तिन्ही बल्ब सारखे, तिन्हींत हळद.
नव्या डोळ्यानं मात्र विचारलं,
"हा निळा आधीपासनं होता व्हय?"

कुणीच उत्तर दिलं नाही.

मी दहा हजाराचा ठेवला.
निळ्यात तुकडा कसा पेटायचा, निखाऱ्यागत.
ह्यात तो चिंचोका दिसतो.
पण बघून माझं काय वाढणार आहे,
वाढायचंय त्याला.

पहिला आठवडा दोनच तास, दिवा हातभर वर टांगून,
नाहीतर उजेडानंच भाजून पांढराफटक पडतो.
बल्बला बोट लावायचं नाही,
बोटाचं तेल काचेवर जळतं.
पुढची जाड काच काढायची नाही, कधीच.
पाणी तिसाच्या वर चढलं म्हणून कडेला छोटा पंखा.
पंख्यानं रोज दीड लिटर समुद्र उडून जातो,
मीठ मागं ठेवून.
ते गोड्या पाण्यानं भरायचं काम आप्पांनी घेतलंय,
तांब्यानं, हळूहळू, भिंतीच्या कडेकडेनं.
बिल अजून आलेलं नाही.

परवा वीज गेली, दोन मिनिटांत आली.
पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला,
शेजाऱ्यांच्या टीव्हीत पुन्हा कुणी भांडू लागलं.
हॅलाइड काही लागेना.
मी चोक तपासायला उठलो, तर अंधारातून आप्पा:
"बस खाली. तापलाय त्यो.
निवल्याबिगर पेटायचा न्हाई."
हे मी त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं.

बसलो.
पंधरा मिनिटं दोघं अंधाऱ्या पाण्याकडं बघत.
मग चोक घुमला,
आधी जांभळट ठिणगी, मग मळकट हिरवा,
छतावर पाण्याच्या सुरकुत्या सरकायला लागल्या,
भिंतीवरून उतरून आप्पांच्या सदऱ्यावर.
त्यांनी जुना डोळा तळहातानं झाकला.
"अजून न्हाई," म्हणाले,
"अजून थोडा."