उशीर

खोका एसटीच्या डिकीतून आला.
कंडक्टर म्हणाला, "वायरमन, एवढे कसले मीटर?"
म्हटलं, ढोल आहेत.
त्यानं खोका कानाशी हलवून बघितला.
"वाजत तर नाहीत."

माळ्यावर पूर्वी जाळी असायची, तिथं आता
नळ्यांची चौकट उभी आहे.
पाच रबरी ताटल्या, तीन झांजा, त्याही रबरीच,
पायाखाली एक पेडल, इतकं नवं की कुरकुरतही नाही.
तीनदा खोलून बांधलं.
तिसऱ्यांदा एक बोल्ट उरला,
तो खिशात ठेवला.

मग सॉफ्टवेअर. ते उतरायला अकरा रात्री लागल्या,
मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून.
पट्टी सरकायची काकणभर,
तेवढ्यात वाडीतली लाइट जायची
आणि फोन मलाच यायचा.

उघडलं शेवटी. पडद्यावर एक लाकडी खोली,
दूरच्या कुठल्या थंड देशातली.
तिथं कुणी एक माणूस
एकच ढोल हळू, जरा जोरात, आणखी जोरात,
मधोमध, काठावर,
शेकडो वेळा वाजवून निघून गेलाय.
मधे जेवला असेल का तो?
मी काळबादेवीत काठी टेकवतो
आणि त्याचं मनगट उठतं.

हे सगळं हेडफोनच्या आत.
बाहेर नुसतं रबर, थप थप.
शालन खालून ओरडते,
"अहो, वर उंदीर झालेत की तुम्ही?"

पहिले दोन दिवस कानात एकसारखी गुणगुण.
भाचा पुण्याहून म्हणाला, केबल बदल, इंटरफेस बदल.
काही बदललं नाही.
परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात
दोन किलो जाडं मीठ, कोळसा, चार कळशा पाणी.
गुणगुण गेली.
चोवीस वर्षांच्या नोकरीत
कुणाची तक्रार इतकी लगेच मिटली नव्हती.

उशीर मात्र राहिला.
काठी पडते, आणि मग,
अगदी थोडं मग,
आवाज.
बफर कमी कर मामा, बफर.
पाचशे बारा. दोनशे छप्पन्न. एकशे अठ्ठावीस.
चौसष्टला कढईत मोहरी टाकल्यासारखं तडतडलं,
म्हणून परत एकशे अठ्ठावीस.

हा उशीर माझ्या ओळखीचा होता.
लहानपणी खाडीच्या या काठाला बसून
पलीकडे साखरतरला
रजाक होडेकर होडीच्या फटींत काथ्या ठोकताना बघायचो.
हातोडा लागायचा. गप्प.
वर उचलला जायचा, आणि तेव्हा
ठक्
यायचं पाण्यावरून चालत.
मला वाटायचं, हातोडा वर नेला की आवाज होतो.
दहाव्या वर्षी तरीतून पलीकडे गेलो,
अगदी जवळ उभा राहिलो,
तर ठोका आणि आवाज एकाच जागी.
घरी येऊन जेवलो नव्हतो त्या दिवशी.

गेल्या शुक्रवारी पुलावरून गेलो, रेकॉर्डर घेऊन.
रजाकचाचांना आता ऐकू कमी येतं.
हातोडा सापडला, कोंबड्यांच्या खुराड्यामागे.
"ठोकू कशावर? होडी कुठाय?
आता सगळा फायबर."
खुराड्याचीच एक फळी होती, जुन्या होडीची,
तिच्यावर ठोकलं त्यांनी.
हळू ठोका, म्हटलं. आता जोरात. आणखी जोरात.
अकराव्या ठोक्याला वैतागले,
"एवढ्यात निम्मी होडी झाली असती."
मागे एक कोंबडी आलीय रेकॉर्डिंगमध्ये.
ती काढली नाही.

पेडलवर तोच ठोका बसवलाय.
रात्री बाराला, शालन झोपल्यावर,
बफर मी उलटा वाढवत नेतो,
पाचशे बारा, एक हजार चोवीस.
भाच्याला हे सांगितलेलं नाही.
पाय दाबतो, उचलतो, वाट बघतो.
शेवटचा आकडा दोन हजार अठ्ठेचाळीस.
त्यापुढे जात नाही.

खाडी त्याहून रुंद आहे.